जनरलच्या खांबाचे गाऱ्हाणे

मुंबईच्या बोटीतून काळ्या दगडाची पाटी रत्नागिरी बंदरावर उतरली, तेव्हा आमच्या शिवेवर जनरलचा खांब उभा राहणार हे नक्की झाले. महायुद्ध संपून दहाएक वर्षे लोटली होती. पाटीवर जनरलचे नाव, पदव्या आणि त्याने मेसोपोटेमियात मिळवलेला विजय, एवढेच कोरले होते.

आमच्या वाडीतून त्याच्या हाताखाली चौघे गेले. एक परत आला. न आलेल्या तिघांत माझा थोरला भाऊ. एका बाजूचेच सांगणे मला जमत नाही, म्हणून हेही लिहितो: परत आलेला गडी म्हणे, जनरल भित्रा नव्हता, गोळीबारात पुढे असायचा. पण धान्याच्या बोटी मागे अडकल्या असताना पलटण पुढे रेटली ती त्यानेच, हेही तोच सांगे. माणसे गोळीने थोडी आणि उपासाने, हगवणीने जास्त मेली. भावाबद्दल सरकारी कागदात एकच शब्द आला, 'बेपत्ता'. त्या शब्दाच्या आधाराने वहिनी इतकी वर्षे कुंकू लावत होती.

आमच्याकडे जमिनीत पहार घालण्याआधी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. त्याशिवाय गडी कुदळ उचलत नाहीत, मग काम सरकारचे का असेना. आणि एका जागेच्या गाऱ्हाण्यात जे देवाला सांगितले, ते त्या जागेवर पुन्हा नारळ ठेवताना गाळता येत नाही. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याचा. म्हणून खांबासाठी धावपळ करणारे गावचे खोत आदल्या दिवशी आमच्या ओटीवर आले.

"उद्या कलेक्टरसाहेब येतायत. नारळ ठेव, जनरलबद्दल चार बरे शब्द बोल आणि मोकळा हो."

"गेले त्यांचंही बोलेन, खोतसाहेब."

"अरे, खांबाचा नारळ आहे तो, तुझ्या घरचा म्हाळ नव्हे! जास्त जीभ चालवलीस तर मान चुलतघरात जाईल. तुझा चुलतभाऊ धोतर नेसून तयारच बसलाय."

मान पणजोबांच्याही आधीपासूनचा.

खोत गेले तशी वहिनी माजघराच्या दारात आली. "भावोजी, मानाची काळजी वाटत असेल तर बोलू नका. पण बोललात, तर बेपत्ता म्हणू नका. मेले म्हणा."

"आणि वैनी, तुझं कुंकू?"

"ते माझं मी बघेन. खोताला विचारून लावलं नव्हतं."

सकाळी सगळे जमले. बायकांच्या घोळक्यात वहिनी उभी होती. कपाळ मोकळे होते. मी नारळ हातात घेतला.

"बा देवा, गावच्या राखणदारा, ह्या जागेवर जनरलचा खांब उभा राहतोय, महाराजा!"

"होय महाराजा!" गडी ओरडले.

"त्याच्या मागून मंडणगडच्या डोंगरातली माणसं गेली, वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरची गेली, आमच्या वाडीतली चार गेली, महाराजा!"

"होय महाराजा!"

"तीन आली नाहीत. पोटाला मिळालं नाही म्हणून मेली." मी तिघांची नावे घेतली. भावाचे शेवटी घेतले. "हा खांब जेवढा त्याचा, तेवढा त्यांचा, महाराजा!"

आवाज असा उठला की साहेबाने टोपी सावरली. काय म्हणाला, असे त्याने खोतांना विचारले. खोतांनी घाम पुसत, जनरलला दीर्घायुष्य मागितले, असे सांगून टाकले. साहेबाने माझ्याकडे पाहून मान डोलावली.

शिमग्याआधी मान चुलतघरात गेला. गेला तर गेला. पण रागाच्या भरात खोत गावची रीत विसरले. दर वर्षी खांबाभोवतीचे गवत काढण्याआधी नारळ ठेवावा लागतो. पहिल्या वर्षी चुलतभावाने खोतांकडे बघत जनरलचे नाव घेतले आणि नारळ खाली ठेवायला वाकला. गडी कोयते घेऊन तसेच उभे. कोणी 'होय' म्हणेना.

"पुढचं रे?" एका म्हाताऱ्या गड्याने विचारले. "अर्ध्या गाऱ्हाण्यावर आम्ही कोयता लावायचा होय?"

चुलतभावाने खोतांकडे पाहिले, खोतांनी समुद्राकडे. मग त्याने तिन्ही नावे घेतली. आजही घेतो. मी आता मागे, वहिनीच्या शेजारी उभा राहतो, आणि भावाचे नाव आले की आम्ही दोघे सगळ्यांत मोठ्याने ओरडतो.