सागाच्या पेटीतला कॉम्प्युटर

प्रेमलताला किळस लवकर यायची. उष्ट्या कपांची यायची, लोचट हसण्याची यायची, आणि 'चालवून घे' म्हणणाऱ्या माणसांची तर विचारूच नका. कुहीच्या शेतकऱ्याची ही मुलगी सक्करदऱ्याला मावशीकडे राहून कॉम्प्युटर शिकली आणि १९८९ साली धंतोलीत श्रीधर साहेबांच्या ऑफिसात लागली. माउसने चालणारे, पडद्यावर खिडक्या उघडणारे प्रोग्राम ती लिहायची. नोकरी मात्र अजून कायम झालेली नव्हती.

त्यातच तिचा प्रोग्राम घेतलेले कन्हानचे लाकडाचे व्यापारी मनोहरराव फोन करकरून डोकं खाऊ लागले. खिडकीच्या खालची बटनंच त्यांना दिसत नव्हती. ऑफिसात तर ती ठणठणीत दिसत होती. प्रेमलताने मापं तपासली, बटनांच्या जागा बदलल्या, नव्या फ्लॉप्या पाठवल्या. तिकडून तेच रडगाणं.

"तुह्या हातून होऊनच नाही राहिलं, तर मी तुले कायम कायले करू?" श्रीधर साहेब म्हणाले.

शेवटी दोघं कन्हानला गेले. पाहते तर काय, धूळ बसू नये म्हणून मनोहररावांनी मॉनिटरला देव्हाऱ्यासारखी सागाची पेटी करून घेतलेली. तिची कोरीव चौकट पडद्याचा खालचा काठ झाकून बसली होती. प्रेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊ, बटनं जाग्यावरच आहेत. तुमची चौकट आडवी येऊन राहिली," ती म्हणाली.

"चौकटीले हात लागणार नाही. पूजा झाली तिची," मनोहरराव म्हणाले. "तुमची खिडकी लहान करा."

तिने श्रीधर साहेबांकडे पाहिलं. चौकट त्यांनीही वाकून नीट पाहिली होती. तरी हात जोडून ते म्हणाले, "पोरगी नवीन आहे, मनोहररावजी. चूक तिचीच आहे. आता करते दुरुस्त."

आणि दातओठ खात तिने केली. एकेक खिडकी आखडली, अक्षरं चेंगरली, बटनं वर ओढून घेतली. चांगल्या कामाची अशी माती आपल्याच हाताने करताना तिला शिसारी येत होती. मनोहरराव चष्मा सावरत म्हणाले, "हेच आधी काहून नाही केलं?" असल्या माणसांपुढे बोलून काय उपयोग?

परतताना बसमध्ये श्रीधर साहेब खुशीत होते. "तू कायम झाली समज. गिऱ्हाईक सांभाळणारं माणूसच मले पाहिजे होतं."

याच शब्दासाठी तिने सोमवार धरले होते. आता तो ऐकून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. तरी "बरं साहेब" तोंडातून निघालंच, आणि तिला स्वतःचीच किळस आली.