गावोगावचा जावई

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाच्या एका उन्हाळ्यात असा दुष्काळ पडला, की कंधारच्या तळ्यातले बगळे पाणी मागायला किल्ल्याच्या खंदकात उतरायचे. त्या उन्हात मी अहमदपूरहून सायकलवर कंधारला, सासुरवाडीला निघालो होतो. वाटेत हा एक सायकलवाला सोबती भेटला. ढेरपोट्या, मिशीला तेल, सायकलला ब्रेक न्हाई. थांबायचं तर दोन्ही चपला रस्त्यावर घासायचा.

पहिल्या गावात मी पाणी मागितलं. बाई म्हणाली, "टँकर आला न्हाई, भाऊ." यानं नुसती टोपी नीट केली, उंबऱ्यापाशी खाकरला अन् म्हणाला, "गावचा जावई हाय, मामी." लगेच खाट पडली, तांब्या आला, वर ताक! पुढच्या गावातही तेच. मला मात्र कुणी घोटभर पाणीबी विचारलं न्हाई.

"किती बायका हो तुम्हाला?" मी विचारलं.

"लगीनच झालं न्हाई," मिशीवरचं ताक पुसत तो म्हणाला. "पण कोणाच्या घरचा जावई, हे विचारायची लाज वाटते लोकायला."

मी चिडून पायडल हाणलं, तर चेन पडली. तो पुढं गेला. मी कंधारला पोचतो तर हा माझ्याच सासऱ्याच्या ओसरीवर लोडाला टेकलेला, अन् सासूबाई पंख्यानं वारा घालतायत!

"तुम्ही घरचेच, जरा दम धरा," त्या मला म्हणाल्या. "गावचे जावई आलेत."

मी दारातच सायकल टेकवली. तो जरा सरकला अन् मायेनं म्हणाला, "या, पाव्हणं. लाजू नका. आपलंच घर हाय."