प्रार्थनेत तुमचं नाव घेऊ का?

बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी न मागता साठत जातात: तपासायचे पेपर आणि संचालकांचे किस्से. पेपरचा कधी ना कधी निकाल तरी लागतो. किश्श्यांचा लागत नाही. एक सांगायला घ्यावा तर मागून दोन येऊन उभे, "आमाले काहून सोडलं?" म्हणत!

मी राऊत. मार्केटिंग शिकवतो. विद्यापीठ ख्रिस्ती मिशनचं. मुख्य कॅम्पस अमरावतीला, दुसरा अकोल्याला, आणि मी राहतो मूर्तिजापुरात, म्हणजे बरोबर मधे. कोणाला कुठंही फेका, राऊतचं काही बिघडत नाही, असा स्टाफचा पक्का समज. म्हणून कसलीही बातमी फुटली की पहिला संशय माझ्यावर! फायनान्सचे गावंडे सर तर माझ्यादेखत म्हणतात, "याले सारं मालूम असते. सांगत नाई लेकाचा!"

मला काहीच माहीत नसतं हो. उलट मीच सगळ्यांत संशयी माणूस. असेंब्लीत प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात, मी एक उघडा ठेवतो.

*

आता ही असेंब्ली काय, ते सांगतो. दर सोमवारी सकाळी चॅपलमध्ये सगळा स्टाफ जमतो. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. पाळकसाहेब, म्हणजे विद्यापीठाचे चॅप्लेन, बायबलमधला उतारा वाचतात आणि मग नावं घेऊन प्रार्थना करतात. कोणाची आई आजारी, कोणाच्या मुलीची परीक्षा. पाळकसाहेब माणूस लोण्यासारखा. आवाज तर इतका मऊ, की मागच्या बाकावर निम्मं कॉमर्स झोपतं.

एका सोमवारी ते म्हणाले, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आमच्या संचालकांना पुढील वाटचालीसाठी तुझ्या हाती सोपवतो."

संचालकांनी स्वतः हात जोडले आणि सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणाले. दुपारी आम्ही डबे उघडतो तोवर मॅनेजमेंटची ऑर्डर आली. संचालकपद गेलं, कारण 'पुढील वाटचाल'!

गावंडे सर घास हातात धरून म्हणाले, "आमेन म्हनले अन् खुर्ची गेली! आपल्याच तोंडानं गेली भाऊ!"

*

योगायोग असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पण थोड्याच दिवसांनी पाळकसाहेबांनी उपकुलसचिवांचं नाव घेतलं. "प्रभू, यांचा प्रवास सुखाचा कर."

उपकुलसचिव बाहेर येऊन सगळ्यांना विचारत सुटले, "मी कुठं चाललोय? मी तर कुठंच चाललो नाही!"

त्याच आठवड्यात त्यांची अकोल्याला बदली झाली. प्रवासही काही सुखाचा झाला नाही. सामानाचा टेम्पो बडनेऱ्यालाच बंद पडला.

मग मात्र मी हिंमत केली आणि पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, तुम्हाला आधी कळतं का हो?"

ते हसले. "राऊत सर, मी फक्त प्रार्थना करतो. पुढं त्याची इच्छा."

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं, तर गावंडे म्हणाले, "त्याची म्हंजे कोनाची? देवाची का कुलगुरूची? ते नाई इचारलं?"

तिथून स्टाफरूममध्ये दोन पार्ट्या पडल्या. गावंडे सरांचं म्हणणं, पाळकसाहेब मॅनेजमेंटच्या मीटिंगला बसतात, त्यांना आधीच समजतं आणि ते बिचारे गुपचूप प्रार्थना करून मोकळे होतात. एचआरच्या इंगळे मॅडमचं म्हणणं, "नाई बाप्पा! त्यायच्या जिभेतच काईतरी हाये."

*

एप्रिलमध्ये गावंडे सरांना ताप भरला. अमरावतीचा एप्रिल, डांबर पातळ होतं, आणि हा माणूस स्वेटर घालून हुडहुडत कॉरिडॉरमधून चालला होता. समोरून पाळकसाहेब!

"गावंडे सर, बरं नाही का?"

"एकदम ठणठणीत!"

"मग स्वेटर?"

"फॅशन हाये साहेब! एमबीएले शिकवतो ना!"

पाळकसाहेबांनी काळजीनं विचारलं, "सोमवारी प्रार्थनेत तुमचं नाव घेऊ का?"

गावंडे सरांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, पाया पडतो. दोन पोरी कॉलेजात हायेत माझ्या!"

शेवटी दवाखान्यात भरती व्हावंच लागलं. बायकोला सक्त ताकीद, पाळकसाहेबांना कळू द्यायचं नाही. पण ते कसले राहतात! संत्र्यांची पिशवी घेऊन हजर. खाटेजवळ बसले, डोळे मिटले. गावंडे सर सलाईनसकट उठून बसले आणि ओरडले, "मनातल्या मनात करा साहेब! नाव घेऊ नोका!"

नर्सला वाटलं, ताप डोक्यात गेला.

*

संचालक गेले, त्यांच्या जागी प्रभारी म्हणून आल्या साळवे मॅडम. मॅडम अमरावतीच्याच, फ्रेझरपुऱ्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्याच चॅपलमध्ये संडे स्कूल केलेल्या. डिपार्टमेंट त्यांनी उभं केलं, असं म्हटलं तर कोणी नाही म्हणणार नाही. अकोल्याचे दालमिलवाले आमच्या पोरांना नोकरीवर घेतात ते विद्यापीठाचं नाव पाहून नाही, साळवे बाईंचा शब्द पाहून.

पण दारावरच्या पाटीतलं 'प्रभारी' काही निघेना. वर्षं गेली. मॅडम संचालकांच्या मोठ्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. टेबलाच्या अलीकडे, पाहुण्याच्या खुर्चीत बसून सह्या करायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ते खुर्ची माही नाई. उद्या उठ म्हनलं तं त्रास नोको."

मला हे ऐकून मनापासून राग यायचा. काम घरच्यासारखं करून घ्यायचं आणि वागवायचं पाहुण्यासारखं!

आणि मॅडमना धास्ती एकच होती. बाहेरून नवा माणूस आणला की जुन्या प्रभारीला अकोला कॅम्पसवर पाठवायचं, ही मॅनेजमेंटची रीत. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दुसरं कोणी नाही. मॅडम दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन आईला भरवून यायच्या. अकोल्याहून ते कसं जमणार?

त्यामुळे सोमवारी पाळकसाहेबांनी तोंड उघडलं की आमच्या सगळ्यांचा जीव मुठीत. नाव नाही आलं की इंगळे मॅडम हुश्श करायच्या आणि सगळ्यांना गिला वडा खाऊ घालायच्या.

*

विद्यापीठाच्या वेबसाइटवर बातम्यांचं एक पान आहे. बातमी तिथं सगळ्यांत शेवटी येते, पण फोटो आधी बोलतात!

एकदा प्लेसमेंटचा फोटो टाकला. दालमिलवाले, निवड झालेली पोरं, कुलगुरू, सगळे हसून राहिले. आणि मॅडम? नाहीत! फोटोच्या काठावर फक्त एक खांदा.

इंगळे मॅडमनी स्क्रीनला नाक लावलं. "हा खांदा मॅडमचाच हाये! मी साडी ओळखते!"

कॉम्प्युटर सेक्शनला विचारलं, तर ते म्हणाले, फोटो चौकटीत बसत नव्हता.

गावंडे म्हणाले, "कुलगुरूचं पोट बसलं, अन् बाईचं डोकं नाई बसलं? राऊत, काईतरी शिजून राह्यलं हाये."

*

आणि शिजतच होतं. पुण्याहून डॉ. पंडित आले, गेस्ट लेक्चरला. विषय: लीडरशिप!

आमच्याकडे गेस्ट लेक्चर म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. कोणाला आणायचं ठरलं की आधी लेक्चरच्या निमित्तानं दाखवून घेतात. त्यामुळे पाहुण्याच्या प्रत्येक हालचालीवर स्टाफचं लक्ष. डॉ. पंडित तसे बरे वाटले. गोरेगोमटे, बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात एकदा 'व्हिजन'.

लेक्चर झालं. चहासाठी त्यांना संचालकांच्या केबिनमध्ये बसवलं. कुठं बसले? थेट मोठ्या खुर्चीत! साळवे मॅडम समोर उभ्या राहून बिस्किटांची प्लेट पुढं करून राहिल्या होत्या. पाहवत नव्हतं मला.

डॉ. पंडितांनी खिडकीकडे पाहिलं. "दुपारी या केबिनमध्ये ऊन येतं का? आणि हा कूलर थंड हवा देतो ना?"

गावंडे सर माझ्या कानाशी लागले. "मेलो! पंखा इचारला असता तं पाव्हना. कूलर इचारते तो घरजावई!"

मग त्यांनी आपल्या परीनं लढा दिला. "सर, इकडं ऊन लय वंगाळ. मे महिन्यात माणसं वेडी होतात."

"अरे वा," डॉ. पंडित म्हणाले, "मला कोरडी हवाच मानवते!"

दुसऱ्याच दिवशी केबिनच्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या. वास थेट स्टाफरूमपर्यंत. त्या वासानं इंगळे मॅडमला जेवण गेलं नाही.

*

आणि मग तो सोमवार.

शनिवारीच कुलगुरूंनी साळवे मॅडमना बोलावून तोंडी सांगितलं होतं, अकोल्याची तयारी ठेवा. मॅडम बाहेर आल्या, गेटपाशी मी उभा होतो. डोळे कोरडे होते. "राऊत भाऊ, आईले काय सांगू आता?" एवढंच म्हणाल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मी गाडीत मॅनेजमेंटला शिव्या घालत होतो, आणि शेजारचा माणूस सरकत सरकत दारापाशी गेला.

सोमवारी चॅपल भरलेलं. पुढं कुलगुरू, त्यांच्या बाजूला नव्या कोटात डॉ. पंडित. पाळकसाहेब एका कडेला. कुलगुरूंनी भाषण केलं. नेतृत्वबदल, नवी पहाट, वगैरे. डॉ. पंडित आजच दुपारी पदभार घेतील, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या, म्हणजे एकट्या कुलगुरूंच्या पडल्या.

साळवे मॅडमबद्दल एक वाक्य नाही. बहुतेक ते कुलगुरूंनाही जाणवलं असावं. पाळकसाहेब समारोपाच्या प्रार्थनेला उठले, तर कुलगुरू म्हणाले, "आज प्रार्थना साळवे मॅडमना करू द्या. त्यांचाही मान आहे."

पाळकसाहेब थबकले. "मी करतो ना, सर. रीत आहे."

"मॅडमना करू द्या."

मॅडम उठल्या. पदर सारखा केला, पुढं आल्या, हात जोडले, डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. माझा एक उघडा.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम शांत, संडे स्कूलमध्ये शिकलेला. "आज आम्ही डॉ. पंडित सरांना तुझ्यापुढे आणतो."

माझ्या बाजूला गावंडे सरांनी खाडकन डोळे उघडले. इंगळे मॅडमनी माझं मनगट धरलं.

"त्यांना पुढील वाटचालीसाठी तुझ्या हाती सोपवते. प्रभू, त्यांचा प्रवास सुखाचा कर. आणि लवकर कर. प्रभू येशूच्या नावानं मागते, आमेन."

आणि मित्रांनो, गावंडे सर, ज्यांनी आजवर असेंब्लीत कधी ओठ हलवला नव्हता, ते उभे राहून गरजले, "आमेन!" इंगळे मॅडम, "आमेन!" लायब्ररीचे शेख सर, "आमीन!" मागच्या बाकावरचं झोपलेलं कॉमर्स जागं झालं आणि तेही, "आमेन!" चॅपलच्या छतावरची कबुतरं उडाली!

डॉ. पंडितांनी रुमाल काढला. खरंच डोळे भरून आले होते त्यांचे. कुलगुरूंकडे वळून म्हणाले, "सर, पहिल्याच दिवशी इतकं प्रेम मला पुण्यात कोणी दिलं नाही!"

अख्ख्या चॅपलमध्ये एकच माणूस आमेन म्हणाला नाही. पाळकसाहेब. डोळे उघडे ठेवून ते डॉ. पंडितांकडे पाहत होते, एखाद्याची गाडी सुटताना पाहावं तसे.