तिसरी फाइल

ऑफिसात तिला गाळणी म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा, त्यातल्या चुका काढायच्या आणि काम निर्मळ झालं की मगच 'पास' म्हणायचं, हे ती एकोणीस वर्षं करत होती. नवे लोक तिच्याकडे काम पाठवण्याआधी ग्लासभर पाणी पिऊन घेतात, असं तिच्या टीमची प्रमुख हसत हसत सांगायची. या प्रमुखबाईंना सगळे कॅप्टन म्हणत.

कंपनी लहान, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. फाइलींची जुनी रूपं जपून ठेवणारा एक प्रोग्रॅम ते लोक बनवत. आज तुम्ही एक पान खोडलं आणि महिन्याभरानं हळहळलात, तर हा प्रोग्रॅम ते पान जसंच्या तसं परत आणून देणार. त्यासाठी त्याला सारखं बघत राहावं लागतं, कुठं काय बदललं ते. एक फोल्डर उघडायचा, त्याच्या आतला उघडायचा, त्याच्याही आतला, असं तळापर्यंत जाऊन पुन्हा वर यायचं. हा फिरण्याचा कोड तिच्या ताब्यात होता. वरून पाहिलं तर पोरखेळ वाटावा असा. पण वाटेत लिंका लागतात. लिंक म्हणजे दिसायला फोल्डर, पण तो दरवाजा उघडतो भलत्याच ठिकाणी, कधी तर दुसऱ्याच डिस्कवर. प्रोग्रॅमनं असा दरवाजा आहे एवढी नोंद घ्यायची, आत पाऊल टाकायचं नाही. हा नियम तिनं आजवर पन्नासेक जणांच्या डोक्यात घातला असेल.

त्यातले एक मास्तर. शाळेत तीस वर्षं यंत्रकाम शिकवून निवृत्त झाले, मग घरी बसवेना म्हणून कोड लिहायला शिकले आणि दोन तासांच्या अंतरावरच्या आपल्या गावातून कंपनीचं कंत्राटी काम करू लागले. वय त्रेसष्ट. ते सावकाश लिहीत, पण लिहिलेलं नेटकं असे. तिला ते बाई म्हणत आणि प्रत्येक बदलासोबत आपण काय केलं, का केलं आणि कुठं अडलो, हे सविस्तर कळवत. बाकीचे त्या टिपणांची थट्टा करत. मास्तरांनी पुन्हा निबंध पाठवलाय, म्हणत. ती मात्र ती टिपणं एरवी मन लावून वाचायची.

त्या दिवशी नाही वाचलं.

मास्तरांचा बदल मोठा होता, तीन फाइलींतल्या मिळून चारशे ओळी. आधी प्रोग्रॅम प्रत्येक वस्तूला पुन्हा पुन्हा विचारायचा, तू फाइल आहेस, फोल्डर आहेस की लिंक? मास्तरांनी पहिलं उत्तर लक्षात ठेवून तेच पुढं वापरायची सोय केली होती. फिरण्याचा वेळ निम्म्यावर आला होता. तिनं पहिली फाइल वाचली, छान होती. दुसरी अर्धी वाचली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, खाली गाडी उभी आहे, पडद्यांचं दुकान सहाला बंद होतं. नव्या घराच्या खिडक्या महिनाभर उघड्याबोडक्या होत्या आणि त्यावरून दोघांचे खटके उडत होते. तिनं उरलेला कोड बोटानं सरसर वर सरकवला. चाचण्यांचे दिवे हिरवे होते. मास्तरांचं काम नेहमी चोख असतं, हेही मनात होतंच. तिनं शेरा लिहिला, "सगळं ओळीनं वाचलं. बरोबर आहे," आणि पास करून टाकलं. सहाला दहा मिनिटं असताना ते दुकानात पोचले. पडदे घेतले, राखाडी रंगाचे.

तीन आठवड्यांनी तो बदल गिऱ्हाइकांपर्यंत गेला आणि त्यानंतर पाचव्या दिवशी एक पत्र आलं.

पत्र लिहिणाऱ्या बाई वाचा-उपचार करणाऱ्या होत्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशा लोकांचा आवाज त्या आधी ध्वनिमुद्रित करून ठेवत. पुढं यंत्रातून बोलायची वेळ आली तर ते यंत्र निदान त्या माणसाच्या आवाजात बोलावं, म्हणून. ध्वनिमुद्रणं आकारानं मोठी असल्यानं ती वेगळ्या डिस्कवर होती आणि त्यांच्या कामाच्या फोल्डरात तिकडं जाणारी फक्त लिंक होती. बाईंनी नेहमीसारखी, प्रोग्रॅमच्या नोंदीत नसलेल्या नको त्या फाइली पुसण्याची आज्ञा दिली. प्रोग्रॅम फिरत फिरत त्या लिंकेपाशी आला, तिला फोल्डर समजून आत शिरला आणि पलीकडची डिस्क धुऊन पुसून मोकळी केली. अकरा जणांचे आवाज होते. सात जणांची मुद्रणं रुग्णालयातही होती, ती मिळाली. चार जणांची कुठंच नव्हती. त्या चौघांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. पत्रात राग नव्हता. काय झालं आणि ते परत मिळेल का, एवढंच विचारलं होतं.

मिळणार नव्हतं, नोंदीत नसलेल्या फाइलींची जुनी रूपं प्रोग्रॅमकडं नसतात. कोड उघडल्यावर तिला कारण सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काही डिस्क वस्तूचा प्रकार सांगतच नाहीत. अशा वेळी मास्तरांचा कोड दुसऱ्या वाटेनं चौकशी करत होता आणि ती वाट लिंक ओलांडून पलीकडं काय आहे ते सांगत होती. ऑफिसातल्या सगळ्या डिस्क प्रकार सांगणाऱ्या, म्हणून चाचण्या हिरव्या. चूक तिसऱ्या फाइलीत होती, ठळक, समोर.

चौकशीची बैठक झाली. मास्तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत होते, त्यांच्यामागं दोरीवर टॉवेल वाळत होता. कॅप्टननं शेरा सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि म्हणाली, हिनं ओळीनं वाचूनही निसटलं, म्हणजे चूक फारच आत दडलेली असणार. सगळ्यांनी माना हलवल्या. एकोणीस वर्षांचा लौकिक ढालीसारखा तिच्यापुढं उभा राहिला.

मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे. बाईंकडं बोट दाखवू नये कुणी."

तिनं तोंड उघडलं. सगळे तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, "पुढच्या वेळी चाचण्या वाढवू या."

तेवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी अहवाल लिहायचा म्हणून तिनं तो बदल पुन्हा उघडला. मास्तरांनी तो दोनदा पाठवला होता. पहिल्या खेपेचं टिपण 'जुने शेरे' या नावाखाली दुमडून बसलं होतं. तिनं ते उलगडलं. शेवटी लिहिलं होतं: "तिसऱ्या फाइलीत, जिथं वस्तूचा प्रकार कळत नाही तिथं नेमकं काय होतं याची मला खात्री नाही. माझ्याकडं तशी डिस्क नाही. बाईंनी तेवढं कृपया बघावं."

ती उठून स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. न वाचणं एक वेळ आळस म्हणता आला असता. पण माणसानं बोट ठेवून दाखवलं होतं, इथं बघा म्हणून. आणि तिनं लिहून दिलं होतं की पाहिलं. परत जागेवर येऊन तिनं टिपण पुन्हा दुमडलं. अहवालात त्याचा उल्लेख केला नाही. कुणी बघितलं तर बघितलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. कुणी बघणार नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

मास्तरांचं कंत्राट त्या महिनाअखेर संपत होतं, ते पुढं वाढवलं नाही. जाताना त्यांनी सगळ्यांना निरोप पाठवला. सगळ्यांचे आभार मानले होते आणि खाली एक ओळ होती, वय झालं की नजर चुकते, हे मला आधीच कळायला हवं होतं. चहाच्या कोपऱ्यात उभं राहून तिनं तो वाचला. शेजारचा एक जण म्हणाला, बिचारे, पण बरंच झालं, झेपत नव्हतं त्यांना. ती चहा ढवळत राहिली. झेपत नव्हतं हे खोटं आहे, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं.

त्यानंतर तिला वाचताच येईना. कुणाचाही कोड उघडला की एकेक ओळ तीन-तीनदा वाचायची आणि तरी पास म्हणायला हात धजायचा नाही. लोकांना वाटलं, झाल्या प्रकारानं आणखी काटेकोर झाली. कॅप्टननं तर तिचं कौतुक केलं. ते कौतुक तिला चपराकीसारखं लागलं. घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, झालं ते झालं. आता बोलून कुणाचे आवाज परत येणार आहेत का?"

आवाज येणार नव्हते. पण मास्तर घरी बसून स्वतःला म्हातारे समजत होते, तेवढं तरी मागं घेता येत होतं. हे कळत असूनही तिला आणखी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांचा हिशेब ती पुढं कुणालाच देऊ शकली नाही, अगदी स्वतःलाही.

दहाव्या दिवशी सकाळी ती कॅप्टनच्या खोलीत गेली, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. फोन, पडदे, दुमडलेलं टिपण, अहवाल. कॅप्टननं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, की अहवाल गिऱ्हाइकांकडं गेलाय, प्रकरण मिटलंय, आता उकरून काय साधणार? ती म्हणाली, अहवालात खोटं आहे आणि ते मी लिहिलंय, तेव्हा दुरुस्तही मीच करणार. कॅप्टननं खिडकीबाहेर पाहिलं. "तुझ्या नावानं जाईल तो," कॅप्टन म्हणाली. "मी मध्ये पडणार नाही." ती हो म्हणाली. दुरुस्त अहवाल त्याच दुपारी गेला. संध्याकाळपर्यंत ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतर तिच्याशी बोलताना लोक जरा जास्तच अदबीनं बोलू लागले.

शनिवारी ती बसनं मास्तरांच्या गावी गेली. आधी फोन करून विचारलं होतं, या म्हणाले होते. घर पहिल्या मजल्यावर, जिन्यात सायकल. दार त्यांच्या बायकोनं उघडलं, तिच्याकडं नीट पाहिलं आणि आत नेलं. कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलं होतं. मास्तर टेबलावर कुणाचं तरी शिवणयंत्र उघडून बसले होते, हाताला तेल लागलेलं.

तिनं बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत. तिसरी फाइल मी वाचलीच नव्हती, म्हणाली. तुमचं टिपणही वाचलं नव्हतं. बैठकीत गप्प बसले, आणि नंतर टिपण सापडलं तरीही गप्प बसले.

मास्तरांनी फडक्यानं बोटं पुसली, एकेक करून.

"मला टिपण आठवत होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही लिहिलंत, ओळीनं वाचलं. मला वाटलं, बाईंनी बघून ठरवलं असेल की यात काही नाही. मीच भित्रा." मग त्यांनी विचारलं, "वाचलं असतंत, तर सापडलं असतं?"

हो म्हणणं म्हणजे त्या चार आवाजांचं ओझं सगळंच्या सगळं आपल्या खांद्यावर घेणं होतं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि कुणाला पडताळताही आलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "पहिल्या दहा मिनिटांत."

मास्तरांनी शिवणयंत्राचा एक स्क्रू पुन्हा बसवला. त्यांची बायको दारातच उभी होती, ती म्हणाली, "महिनाभर यांनी वर्तमानपत्रसुद्धा भिंग लावून वाचलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं दोनदा जाऊन आलो आम्ही."

तिनं दोघांचीही माफी मागितली. मास्तर म्हणाले, तुम्ही आलात हे बरं केलंत. माफ केलं, असं काही म्हणाले नाहीत. चहा झाला. निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, की लिहिणारा मीच होतो, खात्री नव्हती तर पाठवायलाच नको होतं, तेवढी चूक माझी मला राहू द्या. ती खाली उतरली. बस यायला पाऊण तास होता, तो तिनं थांब्यावर उभ्यानं काढला, बाक रिकामा असूनही.

कॅप्टननं मास्तरांना परत बोलावलं. ते चार महिन्यांसाठी आले, फिरण्याचा तो सगळा भाग त्यांनी नव्यानं लिहिला, प्रकार न सांगणारी एक डिस्क मुद्दाम मिळवून तिच्यावर चाचण्या केल्या. त्यांचं काम या वेळी दुसऱ्याकडं वाचायला गेलं. तशी त्यांनीच अट घातली होती आणि तिला ती रास्त वाटली. चार महिने संपल्यावर पुढचं काम त्यांनी आपणहून नाकारलं.

वाचा-उपचाराच्या बाईंना तिनं स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं होतं. आठवडाभरानं उत्तर आलं. चौघांपैकी एकाच्या मुलीला वडिलांचे फोनवरचे जुने निरोप सापडले होते, सहा मिनिटांचे, त्यातून काही जमतंय का ते बघत होते. बाकी तिघांचं तसं काही नव्हतं. बाईंना आता सगळी मुद्रणं दोन ठिकाणी ठेवायची घडी नीट बसवून हवी होती. तिनं लगेच कळवलं, मी येते, दोन दिवस राहून सगळं लावून देते.

बाईंनी लिहिलं, "तुम्ही नको. कृपया दुसरं कुणी पाठवा."

तिनं दुसऱ्या एका सहकाऱ्याला पाठवलं. जाण्याआधी त्याला काय काय करायचं ते सगळं लिहून दिलं, नऊ पानं. तो सोमवारी परत आला तेव्हा काम चोख झालं होतं. बाई कशा वाटल्या, काही बोलल्या का, हे विचारावंसं तिला फार वाटत होतं. तो चहा घेऊन तिच्या टेबलापाशी आला, थोडा वेळ थांबलाही. तिनं डिस्कबद्दल विचारलं, तारांबद्दल विचारलं, आणि मग समोरचा कोड वाचू लागली.