वायर नवीच होती

चाकूरला सकाळी फोन आला. भाची सुजाता म्हणाली, "आत्या, बाबा गेले." गौतम दुकानात सायकल उलटी करून बसला होता, तिथंच कलंडला. मी गॅस बंद केला आणि नांदेडची एसटी धरली. त्याला आता दीड महिना झाला.

गौतम माझा धाकटा भाऊ. विष्णुपुरीला कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान. बोलायला गोड नव्हता. पंक्चर काढायला कुणी आलं तरी हा आधी ब्रेकच्या वायरीच्या टोकावरून अंगठा फिरवायचा. एक तार जरी टोचली, की वायर बदलायची. पोरं म्हणायची, "काका, चालू हाय की अजून!" हा म्हणायचा, "चालू हाय म्हणूनच बदलून राहिलो. तुटल्यावर तू कुठं सापडशील?" गिअरची वायर आधी कुरकुरते, बटण दाबलं तरी साखळी उशिरा सरकते, ब्रेकची मात्र न सांगता जाते, असं त्याचं म्हणणं.

आता माझं सांगते... सात वर्षांपूर्वी थंडीत मी त्याच्याकडं राहायला होते. सुजाता नववीत होती. तिच्या सायकलचा ब्रेक जड चालत होता, गौतम परगावी गेला होता. घरात खोबरेल होतं, तेच मी वायरीच्या नळीत सोडलं. संध्याकाळी ब्रेक हलका झाला. पहाटे तेल गोठलं. शाळेच्या उतारावर पोरीनं ब्रेक दाबला, तो हललाच नाही. तिचा डावा हात मोडला.

गौतमनं परत आल्यावर वायर ओढून काढली. पांढरं तेल बोटावर घेऊन माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात त्याची बायको लता आली. "जुनी होती का वायर?"

"हाव. बदलायची राहिली," तो म्हणाला.

पंधरा दिवसांपूर्वीच त्यानं ती नवी घातली होती. मी गप्प बसले.

मग लता जेवताना ऐकवायची, "लोकांच्या वायरी चाचपता, पोरीची दिसली न्हाई!" गल्लीतही तेच. तो मान खाली घालून जेवायचा. मीही जेवायचे. एकदा विचारलं, "सांगू का रे तिला?" म्हणाला, "राहू दे अक्का. तुझं येणं बंद होईल."

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, तेव्हा लताला तेलाचं खरं सांगितलं. ती भांडी घासत होती.

"सात वर्षं मी त्यांना टोचून राहिले, अक्का. तुम्ही समोर बसून ऐकत होता."

"हाव," मी म्हटलं.

दुकान अजून बंद आहे. आत खिळ्याला नव्या वायरींची वेटोळी तशीच टांगलेली आहेत. गल्लीत घरोघर जाऊन सांगायला माझे गुडघे चालत नाहीत, म्हणून हे पेपरात द्यायला लिहिलं. परवा लताला फोनवर वाचून दाखवलं.

"छापून आलं की दुकानाच्या शटरला चिकटवीन," ती म्हणाली. "तुमच्या नावासकट."

चिकटव, म्हटलं.