किसनाजी मामांनी न दिलेला गोल

किसनाजी मामांच्या भाजीच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवं ते वांगं मिळेलच याची खात्री नसायची. पोत्यावर मांडलेल्या ढिगातून अकरा वांगी त्यांनी वेगळी काढलेली असत आणि त्यांच्यासमोर अकरा टमाटे. वांगी म्हणजे आमचा वाशीमचा हॉकीचा संघ, टमाटे म्हणजे अकोल्याचा. एखादी बाई त्यातलंच एक वांगं उचलायला गेली की मामा ओरडायचे, "ओ बाई, त्याले हात नोका लावू! तो आपला सेंटर हाफ हाय. त्याले नेलं तं मधात कोन उभं राहीन? हे घ्या, इकडचे घ्या, हे बाहेर बसेल पोट्टे हायत." बाई कपाळाला हात लावायची आणि बाहेर बसलेल्या पोरांपैकी पावशेर घेऊन जायची.

पन्नास सालानंतर मी मास्तर म्हणून वाशीमला आलो. पहिल्याच आठवड्यात भाजी घ्यायला गेलो, तर या गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. "खेळता काय काही?" मी म्हटलं, हॉकी खेळतो, इनसाइड राइट. मामांनी टोपली पुढे ओढली, एक भेंडी काढली आणि रांगेतल्या एका वांग्याच्या जागी ठेवून दिली. बाकी सगळी वांगी आणि मी भेंडी, कारण तेव्हा मी दिसायचोच तसा. भोवतालची माणसं खो खो हसली. मी मनातून चिडलो, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो.

मामा जातीचे माळी. गावाबाहेर विहिरीचा मळा होता, त्यावर वांगी, टमाटे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं निघायचं. पोरपणी बापाबरोबर साहेबाच्या बंगल्यावर झाडांना पाणी घालायला जात, तिथं साहेब लोकांना हॉकीसाठी गडी कमी पडला की माळ्याच्या पोराला उभं करत. तिथं त्यांना जे वेड लागलं ते काही उतरलं नाही. पन्नाशी ओलांडली तरी मैदानाच्या कडेनं चेंडूबरोबर पळायचे, धोतराचा सोगा हातात धरून. एक वाक्य कायम तोंडात असायचं, "खेळनाऱ्याचं तोंड नोका पाहू, पाय पाहा." मामी मळ्यातून टोपली घेऊन येत आणि म्हणत, "यायचं लगन हॉकीसंगं लावाले पाह्यजे होतं, माह्या बापानं उगाच खर्च केला."

त्या वर्षी ढालीसाठी आमची आणि अकोल्याची गाठ पडली. तीन सामने, दोन जिंकेल त्याची ढाल. आता अकोला म्हटलं की वाशीमकराच्या पोटात दुखतं, ते काही हॉकीमुळे नाही. वाशीम एकेकाळी जिल्हा होता. तो मोडला, कचेऱ्या अकोल्याला गेल्या, आणि गावाला वाटायचं की निदान ती ढाल तरी आपण इकडे आणू. पहिला सामना अकोल्यात झाला, तिथं आम्ही मार खाल्ला. दुसरा वाशीमला झाला, तो आम्ही काढला. तिसरा कुठं खेळायचा यासाठी नाणं उडवलं आणि तोही वाशीमच्याच मैदानावर ठरला. मग काय विचारता! बाजारात भाजीपेक्षा वाद जास्त विकला जाऊ लागला.

"आपली ढाल पक्की हाय," दिगंबरराव म्हणायचे. हे आमचे कप्तान, एका वकिलाकडे कारकून होते आणि बोलण्यात वकिलाहून वरचढ. "आपलं मैदान, आपले लोकं, कोन हरवते आपल्याले?"

"मैदान काय गोल मारते?" मामा टमाटा उचलून दाखवायचे. "हा त्यायचा लेफ्ट आउट पाह्यला ना? याच्या मांगं धावाले कोन हाय तुह्यापाशी? हे?" आणि ते एका मोठ्या काटेरी वांग्याकडे बोट दाखवायचे. ते वांगं म्हणजे आमचा राइट हाफ, तो तिथंच उभा असायचा आणि रागानं लाल व्हायचा.

"मामा, तुमी आपल्याकडून हाय का अकोल्याकडून?" दिगंबरराव चिडायचे.

"मी तं आपल्याकडूनच हाय ना बाप्पा! म्हनूनच सांगून राह्यलो. अन् हा मास्तर," भेंडी उचलून, "बाल तं लोन्यावानी नेते, पन मारते कवा? मास्तर, सर्कलमधी गेला का मारजो. इचार करत नोको बसू. इचार शाळेत करजो."

बाल म्हणजे चेंडू, आणि सर्कल म्हणजे गोलासमोर चुन्याच्या फक्कीनं आखलेलं अर्धवर्तुळ. त्याच्या आतून मारलेला चेंडूच गोल धरतात. बाहेरून मारला तर जाळीत गेला तरी फुकट.

आमच्याकडे रीत अशी की दोन पंचांपैकी एक या गावानं द्यायचा, एक त्या गावानं, आणि प्रत्येकानं अर्धं अर्धं मैदान सांभाळायचं. आमचे पंच एक जमादार होते. ते ऐन वेळी हिवतापानं आडवे झाले. गावात नियम जाणणारा दुसरा माणूस कोण? किसनाजी मामा. झालं! सगळा बाजार खूश. "मामा पंच झाले तं सामना खिशात हाय!" कोण डोळे मिचकावून म्हणायचा, "मामा, जरा पाहून घेजा." कोण त्यांच्या खिशात पेढा कोंबायचा. अकोल्याची मंडळीही काही बहिरी नव्हती. त्यांनी येताच सांगून टाकलं की हा भाजीवाला गावाचा पक्षपाती आहे, आम्हाला ठाऊक आहे, पण रीत म्हणून चालवून घेतो.

हे मामांना फार लागलं. सामन्याच्या सकाळी त्यांनी दुकान मांडलंच नाही. मी वाटेत भेटलो तर माझ्याशीही बोलेनात. शेवटी एवढंच म्हणाले, "मास्तर, आज मले मामा म्हनू नोको. शिट्टी हातात हाय तवरक मी कोनाचा मामा नाही."

सामना शेवटापर्यंत एकास एक. वेळ संपत आली होती. दिगंबररावांनी चेंडू दिला, मी दोन गडी चुकवले, फक्कीची रेघ ओलांडली आणि मारला. विचार केला नाही. चेंडू गोलाच्या फळीवर धाडकन आपटला. सगळं मैदान उठून नाचायला लागलं. मामा माझ्यापासून चार पावलांवर होते. आमची नजरानजर झाली. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो, पिठासारखा पांढरा. मग शिट्टी वाजली आणि त्यांनी हात बाहेरच्या बाजूला केला. "बाहेरून मारला. गोल नाही."

अकोल्यानं तोच चेंडू घेतला, तो लेफ्ट आउट कडेनं सुटला आणि पलीकडे गोल झाला. आम्ही हरलो. मी स्टिक आपटली आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "मामा, डोळे फुटले का तुमचे?" बापाच्या वयाच्या माणसाला!

लोक चवताळलेच होते. पण ढाल घेताना अकोल्याच्या मुख्य गृहस्थांनी भाषण केलं. म्हणाले, आम्ही या माणसावर संशय घेतला, आम्हाला लाज वाटते. स्वतःच्या गावाचा गोल नाकारणारा असा न्यायी पंच आम्ही पाहिला नाही. त्यांनी आपल्या गळ्यातला हार मामांच्या गळ्यात घातला. आणि गंमत बघा, वाशीमचा रागच उतरला. ढाल गेली ती गेली, पण अकोल्यावाल्यांनी आपल्या माणसापुढे मान लववली ना! घरी जाईपर्यंत सगळं गाव हरल्याचं विसरून छाती काढून चालत होतं. मामा तेवढे मान खाली घालून चालले होते. लोक म्हणाले, पाहा, गर्व कसा तो नाही.

राहता राहिलो मी. मी सांगत सुटलो की चेंडू आतून मारला होता. कोण ऐकणार? आता चेंडू आत होता म्हणणं म्हणजे गावाचा मान पाण्यात घालणं. दिगंबरराव घरी आले. "मास्तर, माफी मांगा. नाहीतर पुढं संघात जागा नाही, अन् गावात बी तोंड दाखवनं कठीण होईन." बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, मी मामांच्या दुकानासमोर वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावला. माझे विद्यार्थी बघत होते. त्यांचे आईबाप बघत होते. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. मामांनी पाय मागे ओढून घेतले. "असू दे, असू दे," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून पोत्यावर वांग्यांची रांग दिसली नाही. कुणी हॉकीचं काढलं की मामा ताजवा उचलून "काय देऊ?" म्हणायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी ते माझ्या खोलीवर आले. बसा म्हटलं तर बसेनात. दारात उभं राहून, चौकटीला धरून बोलले.

"मास्तर, बाल आत होता."

मी हातातल्या वह्या खाली ठेवल्या.

"तुह्या मांगं मले फक्कीची रेघ दिसून राह्यली होती. पांढरी फट. पन मनात आलं, आता गोल देला तं अकोल्यावाले म्हनतीन, पाहा, भाजीवाल्यानं देला आपल्या गावाले. तेवढं मनात आलं, अन् शिट्टी वाजून गेली. मी बेइमान नोको दिसाले, म्हनून बेइमानी केली रे बाप्पा. अन् मंग तुले मह्या पाया पडा लावलं, अन् मी पडू देलं." ते ढसाढसा रडले. "हार मह्या गळ्यात पडला, अन् खाली वाकला तू. मले जेवन जात नाही."

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण त्यांच्याकडे बघून तो फार वेळ टिकला नाही. मी म्हटलं, झालं ते झालं. ते म्हणाले, "कायले झालं? मी बजारात सांगतो."

आणि सांगितलं. पुढच्या बाजारी दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले, मला हाताला धरून शेजारी उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आयका हो! मास्तरचा गोल खरा होता. म्या डोळ्यानं पाह्यला अन् देला नाही. झूट बोललो मी." एवढं बोलून ते खाली उतरले आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडले. मी "अहो मामा, अहो मामा" करत राहिलो.

तेवढ्यात दिगंबररावांचा आवाज आला, "वा मामा! पोराची अब्रू वाचवाले सोतावर घेतलं! याले म्हनतेत मन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी डोळे पुसले. एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, शिक काही." मामा गर्दीत ओरडत होते, "नाही रे बाप्पा, खरं सांगून राह्यलो, देवाशप्पत!" ते जेवढे ओरडले तेवढे लोक गहिवरले. संध्याकाळी ते मला म्हणाले, "आता काय करू रे? खरं बोललो तरी मोठाच होऊन राह्यलो."

त्यांनी नंतर पुष्कळ खटपट केली. ज्याला त्याला गाठून सांगायचे. लोक हसून मान डोलवायचे. पुढच्या मोसमात पंच व्हा म्हणून मंडळी घरी गेली तर मामांनी आतून कडी लावली. ते सुद्धा त्यांच्या मोठेपणात जमा झालं. मैदानावर पाऊल टाकलं नाही ते नाहीच. मळ्यात काम करायचे, पण मामी सांगत की अर्धं पाणी वाफ्याबाहेर जातं, यांचं ध्यानच नाही.

वऱ्हाड मुंबईच्या राज्यात गेलं त्या सुमारास मामा गेले. अंत्ययात्रेला अकोल्याहूनही माणसं आली, न्यायी पंच गेला असंच सगळे बोलले. पण मला सांगायचंय ते त्याच्या थोडं आधीचं.

ते आजारी आहेत कळलं म्हणून मी गेलो. खाटेवर पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. मामी पायथ्याशी. दिगंबरराव आणि आणखी चारजण बसले होते. मामांचं तेच चाललं होतं, गोल, गोल. दिगंबरराव त्यांच्यावर वाकले आणि फार मायेनं म्हणाले, "मामा, मी बाजूलेच होतो ना. मह्या डोळ्यानं पाह्यलं. बाल बाहेरूनच मारला होता. तुमी बरोबर होते. आता मनातून काहाडून टाका." बाकीच्यांनीही हो हो म्हटलं. मामांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आत होता, मामा. हातभर आत होता. तुम्हाला दिसला होता, आणि तुम्ही दिला नाही."

मामींचा हात पायांवर होता तिथंच थांबला. दिगंबररावांनी माझं मनगट धरलं. "मास्तर! मरत्या मानसाले असं बोलतेत काय? काही लाज?" सगळे माझ्याकडे बघत होते, त्या बाजारात बघत होते तसेच. लाज मला वाटतच होती, कान तापले होते. उठून जावं म्हणून मी हात सोडवायला लागलो.

मामांनी माझा दुसरा हात घट्ट धरला. एवढा जोर त्यांच्यात कुठून आला कुणास ठाऊक. तोंडावरचा ताण पार गेला होता.

"पुन्हा एकडाव म्हन," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं.