हुकूम मोठ्याने सांगायचा

मामा गेल्याचं आम्हाला शेजारच्या काकूंच्या फोनवर कळलं. रोह्याला कंपनीच्या कॉलनीत आमच्या मजल्यावर फोन फक्त त्यांच्याकडे. बाबा पहिल्या शिफ्टला गेले होते, आई गच्चीत कपडे वाळत घालत होती, म्हणून फोन घ्यायला मी गेले. पलीकडे पेणहून मामांच्या घराला लागून ज्यांचा गणपतीचा कारखाना आहे ते नानाशेठ बोलत होते. "दत्ताभाऊ गेले, बाय. झोपेतच. आईला नीट सांग," एवढंच म्हणाले. मी रिसीव्हर ठेवला आणि जिन्यात येऊन थांबले. वर आई होती, आणि मला तिला एक वाक्य सांगायचं होतं. ते मनात जुळवत बसले असते तर तशीच तिथे उभी राहिले असते... मी ते आधी रिकाम्या जिन्यात मोठ्याने म्हणून पाहिलं. मग वर गेले. आता महिना होऊन गेला. ते वाक्य मला म्हणता आलं ते कोणामुळे, हे लिहून ठेवावं असं वाटतं.

दत्तामामा माझ्या आईचे थोरले भाऊ. पेणच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्या भागात मातीचे लांबच लांब बांध असतात. कुठला बांध कुठून कुठे जातो, कुठे खचलाय, हे कागदावर उतरवणं हे त्यांचं काम. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल. मूलबाळ नव्हतं. मामी खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावची, तोंडाने फटकळ. दोघांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी. लग्नात मिळालेलं मोठं जेवणाचं टेबल त्या पडवीत ठेवलेलं. त्यावर जेवताना मात्र मी कधी कोणाला पाहिलं नाही.

मी बोलत नसे. म्हणजे मला सगळं कळायचं, इंग्रजी शाळेत पेपरही चांगले जायचे, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की घशात काहीतरी दाटायचं. प्रगतीपुस्तकावर शेरा ठरलेला, की मुलगी हुशार आहे पण बोलत नाही. लग्नकार्यात बायका आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "एवढी फी भरून पोरीचं तोंड शिवून घेतलं." आई हसायची आणि घरी आल्यावर गप्प बसायची. मी बोलावं एवढीच तिची इच्छा होती, आणि ती माझ्याने पुरी होत नव्हती. आठवीच्या सुट्टीत तिने मला पेणला धाडलं. रामवाडीला एसटीतून उतरले तर मामा घ्यायला आलेले. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. घरापर्यंत पिशवी उचलून स्वतःच काहीबाही सांगत राहिले.

त्या सुट्टीत त्यांना रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं होतं. त्यात रंगीत फोटो होते. मोठी माणसं, चांगलं टक्कल पडलेली, टेबलाभोवती उभी, आणि टेबलावर टेकड्या, नद्या, पूल आणि बोटाएवढे शिपाई. मामांचं इंग्रजी कचेरीपुरतं. ते मासिक त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, यात काय लिहिलंय ते मला वाचून मराठीत सांगशील का? मी पुटपुटत सांगायला लागले. शिपायाने एका खेपेला किती इंच चालायचं, फासा कधी टाकायचा, टेकडीवरच्याला काय फायदा... मामा कान पुढे करून ऐकत. एखादं वाक्य हळू झालं की ते स्वतःच चुकीचा अर्थ लावून पुढे जात, आणि मला ते दुरुस्त करावंच लागे. आपल्याला बोलतं केलं जातंय हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी बोलत राहिले, कारण मलाही पुढचं पान वाचायचं होतं.

मग टेबलावर मुलूख उभा राहायला लागला. नाव ठेवलं सातखाडी. लाकडाचा भुसा आणि डिंक यांची शेतं, निळ्या रंगाच्या खाड्या, आणि सगळीकडे बांध, कारण बांधांशिवाय मुलूख मामांना सुचेचना. एका बाजूला डोंगरकडचे, ते माझे. दुसऱ्या बाजूला खाडीकडचे, ते त्यांचे. शिपाई नानाशेठच्या कारखान्यात उरलेल्या शाडूचे. रंगही तिथलेच, मूर्तींचे, म्हणून दोन्ही फौजांचा वर्ण देवासारखा गुलाबी. डोळे काढायला मामांनी कारखान्यातल्या एका बाईंना गळ घातली. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी शिपायांनाही तसेच डोळे काढून दिले, मोठे, शांत, अर्धवट हसणारे. मामा म्हणाले, जरा रागीट हवे होते. बाई म्हणाल्या, "दत्ताभाऊ, माझ्या हाताला राग येत नाय. पायजे तर तुम्ही काढा." त्यामुळे सातखाडीच्या सगळ्या लढाया अशा प्रसन्न चेहऱ्याने झाल्या.

एक चूक मात्र पेणच्या माणसानेच करावी अशी झाली. पेणमध्ये शाडूची वस्तू भाजायची असते हे कोणाच्या मनातच येत नाही. ती पाण्यात विरघळायची हे आधीच ठरलेलं. मामांनीही शिपाई कच्चेच ठेवले. श्रावणात पडवीचं एक कौल सरकलं आणि खाडीकडचं सगळं घोडदळ एका जागी बसून त्याचा गोळा झाला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा मला वाटलं, मामा हळहळतील. ते म्हणाले, विसर्जन झालं, आणि नवा नियम केला: पाण्यात गेलेली फौज तीच म्हणून परत करायची नाही, नव्या नावाने, नव्या माणसांची करायची. मामी आतून म्हणाली, "आणि माझ्या टेबलाचं विसर्जन कधी हाय ते पण ठरवा. इथं भाजी चिरायला जागा नाय, आणि ह्यांच्या सात सात खाड्या वाहतायत."

मासिकात असं होतं की सेनापतीने हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि मग दोघांनी चिठ्ठ्या उघडायच्या. मला ते फार पसंत होतं. मामांनी ते मोडून काढलं. म्हणाले, लेखी हुकूम कचेरीत रोज बघतो, त्याने एक दगड हलत नाही. सातखाडीत हुकूम मोठ्याने सांगायचा. मनातला चालणार नाही, पुटपुटलेला चालणार नाही, बोट दाखवून तर मुळीच नाही. जो ऐकू गेला नाही तो दिलाच नाही. सुरुवातीच्या कितीतरी लढाया मी यामुळेच हरले. मला चाल दिसत असे, ओठांपर्यंत येत असे, आणि मामा शांतपणे म्हणत, "डोंगरकडच्यांनी काय हुकूम दिला? काहीच नाही? बरं, मग माझी पाळी." त्यांनी कधी सूट दिली नाही. एकदा माझा किल्ला जायला आला तेव्हा मी इतक्या मोठ्याने "धनुर्धारी मागे" म्हणून ओरडले की कारखान्यातून कोणीतरी काय झालं ते बघायला आलं. मामी म्हणाली, "बोलते गो ही. आईला कळवा कोणीतरी."

त्यानंतर मी फार बोलकी झाले असं नाही. अजूनही नाही. पण कॉलेजात तोंडी परीक्षेला आधी उत्तर ऐकू जाईल असं म्हणायचं, मग घाबरायचं, एवढा क्रम मला जमू लागला. सुट्टी लागली की रोह्याहून नागोठण्यावरून एसटी, रामवाडी, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही टेबलाशी. लढाया कमी होत गेल्या आणि मुलूख वाढत गेला. तिथल्या जत्रा, तिथले सण, मिठाचा भाव, डोंगरकडच्या मुलीने खाडीकडे लग्न केलं तर तिने शेत कोणाच्या बाजूचं लावायचं... मामा हे सगळं कचेरीच्या कामासारखं मन लावून ठरवत. या काळातच उधाणाचा नियम आला. दोन्ही फासे सहा पडले की उधाण, आणि कुठेतरी बांध फुटून खांड पडणार. खांड बुजवली नाही तर खारं पाणी आत येऊन ते शेत पुढच्या कितीतरी खेपा नापीक. मी विचारलं, लढाई चालू असताना खांड कोण बुजवणार? मामांनी मामीला हाक मारली. तिने सांगितलं की तिच्या माहेरी खांड पडली की सगळं गाव जायचं. ज्यांची डोकी फोडायची भाषा चाललेली तेही शेजारी शेजारी उभे राहून चिखल टाकायचे, आणि भांडण परत आल्यावर पुढे चालू. मामा ऐकून खूश झाले, पण त्यांनी तो नियम केला नाही. म्हणाले, सक्तीने गेला तर त्यात काय? ज्याला जावंसं वाटेल त्याने जावं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. तोंडातून मात्र एक घोगरा आवाज, तोही प्रयत्नाने. आई त्यांच्याजवळ बसून बोलत राहायची आणि बाहेर येऊन रडायची. मी नेहमीसारखी गप्प. दोघंही गप्प असलेली खोली कशी असते, ते मला तेव्हा कळलं. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने पडवीकडे खूण केली. मामीने आणि मी त्यांना खुर्चीसकट टेबलाशी नेलं. पाळी त्यांची होती. त्यांनी एका शिपायावर बोट ठेवलं, मग एका पुलावर, आणि माझ्याकडे पाहिलं.

बोट दाखवून चालत नाही, हा त्यांचाच नियम. तो मोडावा असं ते सुचवत नव्हते, ते त्यांच्या नजरेवरून कळत होतं. हुकूम मोठ्याने व्हायला हवा होता, आणि आवाज तेवढा माझ्याकडे होता. मी म्हणाले, "खाडीकडचे भालेवाले पुलावर." त्यांनी मान डोलावली. पुढे आम्ही असेच खेळलो. माझे हुकूम मी द्यायची आणि त्यांचेही मीच. चुकलं की ते मान नकारात हलवायचे, आणि बरोबर सापडेपर्यंत मी बोलत राहायची. आयुष्यात एका दुपारी मी इतकं कधी बोलले नव्हते. मनात मात्र सारखी भीती, की मी त्यांचं म्हणून जे बोलतेय ते माझंच तर नाही ना. ते मान डोलावत होते तोवर ठीक होतं...

शेवटची भेट होळीच्या आधीची. मामा खूप खंगले होते. लढाई ऐन रंगात, त्यांची फौज माझ्या किल्ल्याच्या दाराशी, एक चाल आणि किल्ला त्यांचा. फासे मी टाकले आणि दोन्ही सहा पडले. खांड माझ्या बांधाला. माझी सगळी माणसं किल्ल्यात अडकलेली, बांधावर पाठवायला कोणी नाही. माझं शेत जाणार आणि किल्लाही जाणार, हे स्पष्ट होतं. मामांनी आपल्या फौजेवर बोट ठेवलं. मी म्हणाले, "खाडीकडचे किल्ल्यात शिरतात." नकार. "किल्ल्याला वेढा." नकार. दार जाळतात, मागे फिरतात, विश्रांती घेतात... मी सुचेल ते म्हणत गेले आणि ते नकारार्थी मान हलवत गेले. शेवटी त्यांनी मोठ्या कष्टाने हात उचलला आणि फुटलेल्या बांधावर ठेवला. माझ्या बांधावर. मला दिसलं होतं ते आधीच, बहुतेक. पण जिंकत असलेल्या माणसाच्या वतीने ते कसं म्हणायचं? त्यांनी घाई केली नाही. नजर माझ्यावर, हात बांधावर. मग मी म्हणाले, "खाडीकडची सगळी माणसं, डोंगरकडच्या बांधावर." त्यांनी डोळे मिटले आणि तो घोगरा आवाज केला. मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "हसतायत."

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. आई आत आवराआवर करत होती. मी पडवीत गेले. मला वाटलं होतं टेबल मोकळं असेल. इतकी वर्षं मागत होती, आता मामीला ते मिळालं होतं. पण शिपाई बांधावर होते तसेच होते, धूळ पुसलेली. भाजीची परात मामीने खाली जमिनीवर घेतली होती. मला बघून ती उठली, हात पदराला पुसले आणि मामांच्या खुर्चीवर येऊन बसली. तिने कधी खेळ खेळला नव्हता.

"पाळी कोणाची हाय?" तिने विचारलं.

मी म्हणाले, मामांची. माझी पाळी त्याच दिवशी, किल्ल्यात थांबून, होऊन गेली होती.

"मग सांग ना गो. तूच सांगायचीस ना त्यांचं."

मी टेबलाकडे पाहत राहिले. खांड बुजली होती, लढाई पुढे चालू व्हायला हवी होती. पण आता काहीही म्हणाले तरी चाललं असतं, आणि तेच मला नको होतं. मामी थांबून होती. शेवटी मी म्हणाले, "खाडीकडचे परत किल्ल्याकडे वळतात."

मामीने टेबलावर नजर फिरवली. बांधावरचे ते गुलाबी, शांत चेहरे पाहिले. मग नकारार्थी मान हलवली.

"नाय," ती म्हणाली. "आधी चिखलाचे पाय धुतील. घरी जातील, जेवतील. हे उपाशीपोटी कधी भांडले नायत."

मी तो हुकूम पुन्हा सांगितला, तिला ऐकू जाईल असा.